चोवीस पिशव्या

वाचकहो, तुमच्यापैकी कुणावर कधी जाहिरातीचे पत्रक लिहिण्याची वेळ आली आहे काय? भाषेचा अभ्यास केलेल्या माणसाकडे गावात अशी कामे आपोआप चालत येतात. लग्नाची निमंत्रणपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, कुणाच्या निवृत्तीचे मानपत्र, यांतून आमची सुटका नसते. मी महाडमध्ये तीस वर्षे मराठी शिकवले. विशेषणांचा तुटवडा मला कधीच भासला नाही. त्यामुळे आमच्या आळीतील महिला बचतगटाने गांडूळखताचा अर्क बाटल्यांत भरून विकण्याचे ठरवले, तेव्हा पत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते एका बैठकीत हातावेगळे केले. मथळा होता, ‘आपल्या शेताची संजीवनी’. त्याखाली ‘जमिनीचे अमृत’ आणि त्याही खाली, जाड अक्षरांत, ‘उत्पन्न दुप्पट’.

हा ‘दुप्पट’ मला कुठून मिळाला, असे तुम्ही विचाराल. प्रशिक्षणाला आलेल्या एका गृहस्थांनी बोलण्याच्या ओघात तो उच्चारला होता. मी तो उचलला आणि कागदावर बसवला. कागदावर बसलेला शब्द बोललेल्या शब्दापेक्षा खरा वाटू लागतो, हे मुलांना निबंध शिकवताना मीच सांगत आले होते.

या अर्कामागची निकड समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडात शिरले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली वाडी गाडली गेली. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही डोंगर माणसांवर आला. आमच्या आळीत माणसे वाचली. परंतु शिलाई यंत्रे, पापड-मसाल्याचे साहित्य, पिठाच्या चक्क्या, म्हणजे ज्यांवर बायकांची स्वतःची कमाई चालत होती ते सारे, चिखलात गेले. पुढच्या वर्षी गटाने गांडूळखताचे वाफे घातले ते या कमाईची जागा भरून काढण्यासाठी. शेण गोठ्यांतून मिळत होते, पालापाचोळा फुकट होता, आणि गांडुळांना वीज लागत नाही. खत तयार झाले. मग कुणीतरी सुचवले, की खताची गोणी वाहून नेण्यापेक्षा त्याचा अर्क विकावा. बाटली हलकी आणि किंमत चांगली. बाटल्या, बुचे आणि लेबले यांसाठी गटाच्या खात्यातून मोठी रक्कम काढायचे ठरले.

पत्रक छापायला देण्याच्या आदल्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी दारावरून चालला होता. तो पोलादपूरकडच्या डोंगरउतारावर भात आणि नाचणी करतो. मी त्याला मोठ्या हौसेने पत्रक वाचून दाखवले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि विचारले, “बाई, तुम्ही स्वतः घालून पाहिलंय का?”

मी पाहिले नव्हते. आमच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. तुळशीला घातले होते, तुळस बरी दिसत होती; एवढाच आमचा पुरावा. रामायणातील कथा तुम्हाला आठवत असेल. संजीवनी कोणती हे ओळखता न आल्यामुळे मारुतीला आख्खा द्रोणागिरी उचलून आणावा लागला. त्याच्या अंगात डोंगर उचलण्याचे बळ होते, म्हणून ते निभले. बचतगटाच्या अंगात नव्हते.

आता हा अर्क म्हणजे काय, ते सांगते. गांडुळे शेण आणि कुजका पाला खातात आणि चहाच्या भुकटीसारखी काळी, दाणेदार विष्ठा टाकतात, तेच गांडूळखत. एक किलो खत कापडात बांधून दहा लिटर पाण्यात दिवसभर भिजत ठेवायचे, मधूनमधून काठीने ढवळायचे आणि गाळून घ्यायचे. चहासारखाच रंग उतरतो, म्हणून इंग्रजीत याला चहाच म्हणतात. आमच्या गटात मात्र ‘गांडुळाचं पाणी’ हाच शब्द रुळला आणि तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. खतातील पाण्यात विरघळणारी द्रव्ये आणि काही सूक्ष्म जीव त्यात उतरतात. न विरघळणारा भाग, म्हणजे खताचा बहुतेक भाग, फडक्यातच राहतो. हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ते तेव्हा ठेवले नव्हते.

येथे चार्ल्स डार्विनची आठवण होते. १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने गांडुळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीचा वरचा सुपीक थर गांडुळांच्या पोटातून जात जात तयार होतो, हे त्याने वर्षानुवर्षे मोजमाप करून दाखवले. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्यापुढे बसून नावाचे वाद्य वाजवून घेतले. गांडुळांनी दाद दिली नाही. इतक्या मोठ्या माणसाने इतका साधा प्रश्न विचारावा आणि उत्तर नकारार्थी आले तरी ते नोंदवावे, याचे मला फार कौतुक वाटते. अर्थात डार्विनची गांडुळे मातीत बिळे करून राहणारी होती. आमच्या वाफ्यातील तांबडी गांडुळे, शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा, ही शेणात आणि कुजणाऱ्या पाल्यात रमणारी. त्यांना उघड्या शेतात सोडून नांगरणीची आशा धरणे व्यर्थ आहे.

तर मी पत्रक थांबवले आणि परसात काळ्या पिशव्या मांडल्या. पीक निवडले लाल माठ, कारण तो महिन्याभरात खुडायला येतो आणि बाटल्यांचा निर्णय त्याहून फार लांबवणे शक्य नव्हते. निम्म्या पिशव्यांना नेहमीचे पाणी आणि निम्म्यांना पाण्याबरोबर आठवड्यातून एकदा तांब्याभर अर्क. महिना भरला तेव्हा अर्काच्या पिशव्यांतील माठ डोळ्यांत भरण्याइतका उंच होता. मला आनंद झाला. तो आनंद शास्त्रज्ञाचा नव्हता. आपले विशेषण खरे ठरल्याचा तो आनंद होता.

त्या दिवसांत माझी मावशी पोलादपूरकडच्या वाडीतून माझ्याकडे येऊन राहिली होती. तिच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. वाकायचे नाही, चुलीपाशी जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे ती दिवसभर परसदारी खुर्चीत बसून असे. आयुष्यभर कामात गेलेल्या बाईला निव्वळ पाहत बसण्याची ती पहिलीच संधी होती आणि नव्या डोळ्याने ती सारे पाहत होती. मी माठाचे कौतुक करू लागले तेव्हा ती म्हणाली, “बाय, त्या कडेच्या पिशव्यांना तू चांगलं ऊन दिलंस. पाणी घालून वर तो काढापण घातलास. म्हणजे तांब्याभर जास्तीच झालं की. आणि तण काढलंस ते त्यांचंच.”

प्रत्येक शब्द खरा होता. अर्काच्या पिशव्या मी पूर्वेच्या बाजूला ठेवल्या होत्या, कारण त्या येताजाता दिसाव्यात अशी माझी इच्छा होती. दुसऱ्या रांगेवर दुपारपर्यंत भिंतीची सावली पडत असे. मी परीक्षा घेत नव्हते; आवडत्या विद्यार्थ्याला उत्तर सांगत होते. हा दोष मला वर्गात कधी स्वतःत दिसला नव्हता, तो असा माठाच्या रोपांनी दाखवला.

ही चूक जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही माझा नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे गव्हाच्या एका शेतावर १८४३ पासून खतांची तुलना चालू आहे. रोनाल्ड फिशर तेथे १९१९ मध्ये रुजू झाले. कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे माणसाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि प्रत्येक उपचार एकाहून अधिक वाफ्यांवर करून पाहावा, असा दंडक त्यांनी घालून दिला. आपल्याकडे हा विचार शेतकी संशोधकांच्या हाती पोहोचवणारे पुस्तक दोन मराठी माणसांनी लिहिले, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे शेतीविषयक संख्याशास्त्राचे ते पुस्तक १९५४ मध्ये निघाले. पानसे यांनी इंदूरच्या ज्या संशोधनसंस्थेत काम केले, तेथेच त्यांच्याआधी अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली होती. खत करण्याची विद्या आणि खत तपासण्याची विद्या अशा एकाच छपराखाली नांदल्या. ते पुस्तक इंग्रजीत आहे, याची मात्र मला आजही खंत वाटते.

दुसऱ्या खेपेला मी चोवीस पिशव्या घेतल्या. बारांमध्ये सावित्रीकाठचा गाळ भरला. तो आमच्या परसातच महापुराने आणून टाकला होता. उरलेल्या बारांसाठी मावशीच्या वाडीतील उतारावरची तांबडी माती एस. टी.च्या टपावरून आणली. दोन्ही मातींत चार प्रकार: नुसते पाणी, अर्क, मातीत मिसळलेले गांडूळखत, आणि गांडूळखत अधिक मूठभर चुलीतली राख. प्रत्येक प्रकाराच्या तीन पिशव्या. शेजारच्या पाचवीतल्या मुलाने चिठ्ठ्या काढून जागा ठरवल्या. कोणत्या क्रमांकात काय आहे, ते त्याच्या वहीत लिहिलेले होते आणि वही त्याच्या दप्तरात. पाणीही तोच घाली. ज्या दिवशी अर्क, त्या दिवशी त्या पिशवीला पाणी नाही. मला परसात जाण्याची बंदी होती. “आजी, तुम्ही बघायचं नाही,” असे तो मला दरडावून सांगे.

राख घालण्याची सूचना मावशीची होती, आणि तिच्यामागे राब होता. राब तुमच्यापैकी कोकणातल्या वाचकांना माहीत असेल. ऐन-किंजळाच्या फांद्यांचे कवळ, पातेरा, गवत आणि शेण यांचे थर भाताच्या रोपवाफ्यावर पसरून उन्हाळ्यात जाळायचे आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी पेरायचे. मी शिकलेली बाई. राब म्हणजे जंगलाचा नाश आणि अडाणीपणा, असे मी मावशीला किती वेळा ऐकवले असेल! इंग्रज अधिकाऱ्यांचेही प्रथम असेच मत होते. रायगडला तेव्हा कुलाबा म्हणत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या जंगलाविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला; राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा त्यातील मोठा वादविषय होता. त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख ओझॅन यांनी वाद घालत न बसता राबाचे प्रयोग करून पाहिले आणि ही शेतकऱ्याची निव्वळ खोड नाही, असे त्यांतून दिसून आले. विलायतेहून आलेले रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची गंभीरपणे दखल घेतली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका साहेबाने जे तपासून पाहिले, ते मी, त्याच मातीतल्या मावशीची भाची, न तपासता मोडीत काढत होते.

यामागचे कारण आता पुष्कळसे समजले आहे. आमच्याकडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात किंवा त्याहूनही अधिक. एवढे पाणी उतारावरच्या जांभ्या मातीतून झिरपताना चुन्यासारखी द्रव्ये धुऊन नेते. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतात. माती तांबडी दिसते ती लोहामुळे. ती आम्ल होते आणि स्फुरद धरून ठेवते. पिकाच्या मुळांशी स्फुरद असूनही पिकाला तो मिळत नाही. राख आम्लता उतरवते आणि पालाश देते. डोंगर जे गमावतो त्यातले काही खाली नदीकाठी येऊन बसते. महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हेच निरीक्षण मांडले आहे: डोंगरावरचा पालापाचोळा कुजून त्याचा सत्त्वांश पावसाबरोबर शेतांत उतरतो. ग्रंथ वर्गात अनेकदा शिकवूनही त्यातली ती माती माझ्या हाताला कधी लागली नव्हती.

महिना भरला. मावशीने डोळ्यावर काळा चष्मा चढवून एकेका पिशवीतला माठ मुळापासून कापला आणि शेजारच्या किराणा दुकानातून आणलेल्या काट्यावर ठेवला. आकडा मी लिहिला. कोणती पिशवी कसली, हे तिला माहीत नव्हते आणि मलाही. मग मुलाने वही उघडली.

गाळाच्या बारा पिशव्यांत सारे एकसारखे होते. पाणी, अर्क, खत, राख. काहीच फरक म्हणण्याजोगा नव्हता. गाळाला आमची गरजच नव्हती. तांबड्या मातीत मात्र गांडूळखताच्या पिशव्या पाण्याच्या पिशव्यांच्या उघड उघड पुढे होत्या, आणि खत व राख एकत्र असलेल्या दोन पिशव्या सर्वांच्या पुढे. तिसरीत राख बहुधा जास्त पडली. तिच्यातली निम्मी रोपे उगवल्याबरोबर करपली. अर्काचे काय? तीनपैकी दोन पिशव्या पाण्याच्या पिशव्यांसारख्याच होत्या. तिसरी मात्र झकास, जवळजवळ खताच्या तोडीची.

आता तुम्हाला माझ्या मनात काय आले ते सांगते, कारण या सगळ्या खटाटोपातील तोच अवघड क्षण होता. करपलेली पिशवी ‘अपघात’ म्हणून वगळावी आणि झकास पिशवी ‘खरा परिणाम’ म्हणून धरावी, असे मला वाटले. दोन्हींसाठी कारणे तयार होती, आणि कारणे रचण्यात मी पटाईत. पत्रकापुरता तेवढा पुरावा पुरला असता. पण वहीत तीन पिशव्या लिहिल्या होत्या आणि ती वही पाचवीतल्या मुलाची होती. त्याने विचारले असते तर त्याला काय सांगणार होते मी? तिन्हींचे वजन धरले. अर्क पाण्याच्या किंचित पुढे राहिला, एवढेच. एका पिशवीच्या नशिबावर तेवढे अंतर पडू शकते.

नंतर शांतपणे हिशेब केला तेव्हा आश्चर्य वाटेनासे झाले. दहा लिटरला एक किलो, म्हणजे लिटरभराच्या तांब्यात शंभर ग्रॅम खताचे धुवण. चार आठवड्यांत चार तांबे, म्हणजे फार तर चारशे ग्रॅम खतातला फक्त विरघळणारा अंश. खताच्या पिशवीत आम्ही सबंध किलो घातले होते, विरघळणारे आणि न विरघळणारे दोन्ही. आणि आमचे पत्रक सांगत होते, की एक बाटली एका एकराला पुरते! माझ्या चोवीस पिशव्यांनी अर्काचा कायमचा निकाल लागत नाही, हे मी जाणते. दुसऱ्या पिकावर, दुसऱ्या खताच्या अर्काने, पानांवर फवारून पाहिल्यास वेगळे दिसू शकेल. परंतु ‘दुप्पट’ हा शब्द माझ्या परसात उगवला नाही, आणि गटाचे पैसे माझ्या शब्दावर निघणार होते.

बैठकीत मी वही मांडली. पहिला प्रश्न खजिनदार बाईंचा, “बाई, हे आता सांगताय?” त्यांचा राग रास्त होता. एका सभासदाचे घर पुराने खचले होते. बाटल्यांच्या कमाईवर तिने दुरुस्तीचा बेत आखला होता. ती काही बोलली नाही, आणि पुढे महिनाभर माझ्याशी बोललीच नाही. दुसरी म्हणाली, की बाजारात सगळेच असे विकतात, आपणच तेवढे सोवळे का? या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. माझा विद्यार्थी ती बाटली घेईल आणि उतारावरच्या तांबड्या शेतात ओतील, इतकेच मी म्हणाले. चर्चा बराच वेळ चालली. अखेर बाटल्या घ्यायच्या नाहीत, खत चाळून लहान पिशव्यांतून विकायचे, असे ठरले, एकमताने नव्हे.

नवे पत्रकही मीच लिहिले. त्यात एकही विशेषण नाही, आणि माझ्या आयुष्यातले ते सर्वांत कष्टाने लिहिलेले गद्य आहे. तांबड्या मातीत लाल माठाला हे खत घालून पाहिले, वाढ चांगली झाली. चुलीची राख थोडीच मिसळावी, जास्त झाल्यास रोपे करपतात. नदीकाठच्या गाळात आम्हाला फरक दिसला नाही. “हे वाचून घेणार कोण?” असे खजिनदार बाईंनी विचारले. पहिल्या महिन्यात फार थोड्यांनी घेतले. विद्यार्थ्याने दहा पिशव्या नेल्या, पैसे रोख दिले आणि पत्रक मागून घेतले.

अर्क आम्ही अजूनही करतो. तो सभासदांच्या मिरचीला आणि मोगऱ्याला फुकट जातो. मावशी तिच्या वाडीत परत गेली. राब सोडायला ती तयार नाही, मीही आता तसा आग्रह धरत नाही. पण कवळ तोडायला जंगलात जाणे तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, हे ती कबूल करते. येत्या जूनमध्ये तिच्या भाताच्या रोपवाफ्याचे सहा तुकडे करायचे आमच्यात ठरले आहे: दोन राबाचे, दोन गांडूळखत आणि राखेचे, दोन नुसते. तिने एकच अट घातली आहे. राबाचे तुकडे कुठे यायचे, तेही चिठ्ठ्या टाकूनच ठरवायचे, आणि चिठ्ठ्या मी काढायच्या नाहीत.